गोवा–मुंबई विमान: अंतर ४२५ किमी, मग सव्वा तास लागतो कसा? (बाबांचा प्रश्न)

कुळागर | रविवार, रात्री ९:५०

मंडळी, प्रश्न माझा नाही, बाबांचा आहे. उत्तर मला देता आलं नाही म्हणून धागा काढतोय.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उभी नोकरी खाण कंपनीत, अमोण्याच्या धक्क्यावर बार्जींचे (खनिज वाहणाऱ्या बोटींचे) हिशेब लिहिण्यात गेली. कुठली बार्ज किती वाजता सुटली, मुरगाव बंदराला किती वाजता लागली, खनिज किती टन, सगळं ट्रिपशीटवर. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण हाताची सवय सुटलेली नाही. घरातला गॅस सिलिंडर किती दिवस चालला हेसुद्धा कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं असतं.

गेल्या आठवड्यात त्यांना पहिल्यांदाच विमानाने मुंबईला नेलं. मुलुंडला बहिणीकडे बारसं होतं. आम्ही डिचोलीचे, त्यामुळे मोपाचा नवा विमानतळ बरा पडतो. खिडकीची सीट, खिशात छोटी वही. विमान हललं तेव्हा २:०५ लिहिलं, मुंबईत थांबलं तेव्हा ३:२५. मुलुंडला पोचून चहा येईपर्यंत माझ्या भाच्याकडून गोवा–मुंबई विमानाचं अंतर काढून घेतलं. ४२५ किलोमीटर. भागाकार केला आणि मला हाक मारली.

"ताशी तीनशे एकोणीस किलोमीटर पडतात. तो पायलट तर आठशेचा वेग सांगत होता. मग हे विमान रेंगाळलं कुठे?"

भर म्हणजे भाच्याने तीन ठिकाणी बघितलं तर तीन आकडे. एकीकडे ४२५, दुसरीकडे २६४, तिसरीकडे २२९. बाबा म्हणाले, "ज्यांना अंतरच ठाऊक नाही त्यांच्या विमानात तू मला बसवलंस?"

जाणकारांनी प्रकाश टाकावा. परतीचं विमान गुरुवारी आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर माझी सुटका.

---

खारी_बोर | रविवार, रात्री १०:०४

बाबांना साष्टांग दंडवत. आमच्याकडे वडील खिडकीची सीट मिळाली की झोपतात.

---

धावपट्टी२६ | रविवार, रात्री १०:३१

तिन्ही आकडे एकच आहेत हो. ४२५ किलोमीटर म्हणजे २६४ मैल म्हणजे २२९ नॉटिकल मैल. विमानवाले आणि बोटवाले नॉटिकल मैल वापरतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. बाबांना हे ठाऊक असणार, बार्जीवर तेच चालतं.

पण खरी गंमत वेगळी आहे. ४२५ हे अंतर दाबोळी, म्हणजे गोव्याचा जुना विमानतळ, ते मुंबई आहे. तुम्ही उडालात मोपाहून. मोपा पेडण्यात, म्हणजे दाबोळीच्या बराच उत्तरेला. तिथून मुंबई विमानतळ सरळ रेषेत साधारण ३८५ ते ३९० किलोमीटर. बऱ्याच साइटींवर 'गोवा' म्हटलं की अजून दाबोळीच धरतात, कारण मोपाहून प्रवासी विमानं सुरू झाली ती ५ जानेवारी २०२३ ला. म्हणजे बाबांचा भागाकार बरोबर होता, वरचा आकडाच चुकीचा होता. खरा आकडा घातला तर वेग आणखी कमी येईल, सुमारे ताशी २९०. त्यांना हे हळूच सांगा.

सव्वा तासाचं उत्तर उद्या सविस्तर लिहितो, मोबाइलवरून टंकायचा कंटाळा आलाय.

---

निवांत_नाना | रविवार, रात्री ११:१५

ताशी २९०! यापेक्षा आमची पणजी–डिचोली मिनी बस बरी. निदान कंडक्टर ओळखीचा असतो.

---

पेडण्याची_पोर | सोमवार, सकाळी ८:२०

दोन विमानतळांचा विषय निघालाच आहे तर माझा पराक्रम सांगून टाकते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याला गेले. तेव्हा वास्कोत नोकरी होती, म्हणून जातानाचं विमान दाबोळीचं घेतलं. स्कूटर दाबोळीलाच पार्किंगला लावली. परतीचं तिकीट वेगळं काढलं, जे स्वस्त दिसलं ते. 'गोवा' लिहिलेलं वाचलं, पुढचा कोड वाचला नाही. विमान उतरल्यावर बाहेर काळोख आणि सगळीकडे कातळ. मला वाटलं दाबोळीला नवीन बाजू बांधली. फलक वाचला तेव्हा कळलं, मी माझ्याच तालुक्यात उतरलेय. रात्रीचे पावणेअकरा. स्कूटर तिकडे साठ-पासष्ट किलोमीटरवर, आणि आईचं घर पाव तासावर.

मुकाट्याने आईकडे गेले. आई दारात म्हणाली, "कळवायचं तरी, भात लावला असता." तिला अजून वाटतं मी तिला भेटायला आले होते.

तेव्हा तिकिटावर जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. पाठ करा.

---

काणकोण_लोकल | सोमवार, सकाळी ९:०२

वरच्या प्रतिसादाला +१. आम्ही काणकोणच्या चावडीचे, आम्हाला दाबोळी साठ-पासष्ट किलोमीटर आणि मोपा शंभराच्या घरात. मोपाहून मुंबई हवेत पाऊण तास, आणि आमच्या दारातून मोपा सव्वादोन तास, तेही पर्वरीत मोकळं मिळालं तर. नवा जुवारी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला होणारा छळ तरी संपला. पूर्वी त्या पुलावर अडकून विमान चुकलेले लोक प्रत्येक वाड्यावर दोन-तीन तरी सापडायचे.

दाबोळीला आठवड्याच्या दिवसांत सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात, त्यामुळे तिथे सकाळची विमानं आधीच कमी. मग नाइलाजाने मोपा. आमच्या बाजूला आता म्हणतात, मुंबईला जायचं तर आधी गोवा ओलांडायचा.

---

धावपट्टी२६ | सोमवार, दुपारी १:४०

हं, आता सव्वा तास.

(मी पायलट नाही. विमानतळावर जमिनीवरच्या कामात अकरा वर्षं काढली आहेत.)

तिकिटावर छापतात तो वेळ हवेतला नसतो. विमान उभं असताना चाकांपुढे ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि मुक्कामी जागेवर उभं राहून परत ठोकळे लागले की घड्याळ बंद. आमच्या भाषेत याला ब्लॉक टाइम म्हणतात. म्हणजे यात काय काय आलं बघा: मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पुढे रांग असेल तर थांबणं, मग उड्डाण, मग उतरणं, मग पुन्हा रांगत जागेवर जाणं. मोपाला गर्दी कमी, पाच-दहा मिनिटांत सुटता. मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. येणारी आणि जाणारी सगळी विमानं त्या एकीवरच.

आता हवेतलं. आठशेचा वेग खरा, पण तो वर चढून स्थिरावल्यावर. दहा हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या वर जायचं नसतं. गोवा–मुंबई म्हणजे चढणं संपेपर्यंत उतरायची वेळ. पंधरा मिनिटं जेमतेम आठशेने जात असेल. चहा देणाऱ्या मुलींची धावपळ बघितलीत ना, त्याचं कारण हेच.

आणि सरळ रेषेत तर विमान जातच नाही. धावपट्टीवर वाऱ्याला तोंड करून उतरायचं असतं. मुंबईत बहुतेक दिवस समुद्राकडून वारा, म्हणून पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूने येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. तुम्ही येता दक्षिणेकडून. म्हणजे शहर डावीकडे ठेवून पुढे जायचं, वळायचं, रांगेत लागायचं. रांग मोठी असेल तर हवेतच घिरट्या.

शेवटचं, जे कंपन्या मोठ्याने सांगत नाहीत. छापील वेळेत थोडी गादी घातलेली असते. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान 'वेळेवर' धरतात. सव्वा तास छापला आणि एक तास दहा मिनिटांत पोचवलं की प्रवासी खूश, कंपनीचा आकडाही छान.

---

खारी_बोर | सोमवार, दुपारी २:१२

माहितीपूर्ण. 'गादी' आवडली. आमच्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला अशीच गादी घालतात, काकांसाठी.

---

आगबोट | सोमवार, सायंकाळी ६:४५

तुमच्या त्या पाऊण तासावरून आठवलं. आमच्या लहानपणी हाच प्रवास चोवीस तासांचा होता. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या धक्क्याला लागायची. कोकण सेवक, कोकण शक्ती. वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. बंदरात बोट आत जायची नाही, पडाव यायचे आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या त्यात उतरायच्या. डेकवर जागा धरायला आजी चटई घेऊन धावायची. मला हटकून बोट लागायची, म्हणून आईच्या पिशवीत आवळकाठी असायची. पावसाळ्यात हे सगळं बंद. मग एसटीने घाट उतरून.

आग्वादचा दीपस्तंभ दिसला की सगळं डेक एका बाजूला झुकायचं. खलाशी ओरडायचे, बसा, बसा.

---

निवांत_नाना | सोमवार, सायंकाळी ७:०३

विषय विमानाचा आहे. बोटीचा वेगळा धागा काढा. (हलकेच घ्या.)

---

आगबोट | सोमवार, सायंकाळी ७:०९

नाना, दाबोळीचा तरी इतिहास सांगू का, तो विमानाचाच आहे.

दाबोळी पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये सुरू केला. तेव्हा भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती. मुंबई चारशे किलोमीटरवर, पण पणजीच्या माणसाला विमानाने तिथे जायची सोय नाही. त्यांची विमानं जायची दमणला, दीवला आणि कराचीला, समुद्रावरून. म्हणजे नकाशावर मुंबई जवळ आणि विमानाला कराची जवळ. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाने धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि त्याच रात्री तिथे अडकलेली दोन पोर्तुगीज विमानं उरल्यासुरल्या धावपट्टीवरून उडून कराचीला पळाली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त.

अंतर किलोमीटरमध्ये मोजतात हे मला म्हणूनच कधी पटलं नाही.

---

निवांत_नाना | सोमवार, सायंकाळी ७:३०

शब्द मागे घेतो. बोटीचंही लिहा.

---

शारजातला_सत्तरीकर | मंगळवार, रात्री १२:२०

आमच्याकडे अजून सोमवारच आहे, पावणेअकरा वाजलेत. 😀

बाबांना आखाताचं तिकीट दाखवू नका, त्यांचा रक्तदाब वाढेल. मोपाहून दुबई सरळ रेषेत २२०० किलोमीटरच्या आत-बाहेर. जाताना साडेतीन तास लागले समजा. सकाळी दहाला निघालात तर तिकिटावर पोचायची वेळ दुपारी बारा. दोन तासांत २२०० किलोमीटर! परत येताना तिकडून दुपारी एकला निघालात आणि तीनच तास लागले तरी इकडे साडेपाच वाजलेले. साडेचार तास! माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, येताना विमान चढावर असतं काय?

कारण सोपं आहे, तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात.

पण खरी मेख वेगळी. दीड तास बाजूला काढला तरी येताना खरोखर कमी वेळ लागतो, विशेषतः हिवाळ्यात. वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, तो येताना पाठीवर आणि जाताना तोंडावर. मी बावीस फेऱ्या केल्या आहेत, डिसेंबर-जानेवारीत येणं वीस-पंचवीस मिनिटांनी तरी लवकर होतं. सुट्टीवर येतो म्हणून तसं वाटतं असं बायको म्हणते, पण मी घड्याळ लावून बघितलंय.

---

मिठागर | मंगळवार, सकाळी १०:१५

सगळे विमान-विमान करताय, रेल्वेचं गणित कोणी मांडणार का? मुलुंड म्हणजे ठाण्याला लागून. वंदे भारत ठाण्याला थांबते. पहाटे सहाच्या आत ठाणं, दुपारी साडेबाराच्या आसपास थिवी. थिवीहून डिचोली पंधरा किलोमीटर. म्हणजे दारापासून दारापर्यंत साडेसात तास, आणि पट्टा, बूट, पाण्याची बाटली काढून दाखवायची कटकट नाही. पावसाळी वेळापत्रकात मात्र गाडी बरीच जास्त वेळ घेते, तेव्हा हे गणित बिघडतं.

बाबांसाठी आणखी एक खाऊ: कोकण रेल्वेचं भाडं आकारायला अंतर चाळीस टक्के वाढवून धरत आले आहेत, रूळ बांधायचा खर्च काढायला. मुंबई–मडगाव रूळ सहाशे किलोमीटरच्या आत, पण तिकिटावर साडेसातशेच्या पुढचा आकडा बघितल्याचं मला चांगलं आठवतंय. त्यांना म्हणावं, याचा भागाकार करून बघा, गाडी विमानासारखी धावेल.

---

काणकोण_लोकल | मंगळवार, सकाळी १०:४०

आणि रस्त्याने? महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. त्या वर्षी जन्मलेली माझी पुतणी आता दहावीची तयारी करते. यापुढे काही लिहीत नाही.

---

कुळागर | शुक्रवार, रात्री १०:३०

सर्वांचे आभार. काल आम्ही परत आलो. वृत्तांत देणं माझं कर्तव्य आहे.

धावपट्टी२६ यांचा प्रतिसाद मी बाबांना बुधवारी रात्री मोठ्याने वाचून दाखवला. चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून ठोकळे लावेपर्यंत, इथपर्यंत आलो आणि त्यांनी हात वर केला. "थांब. म्हणजे दोरी सोडल्यापासून दोरी बांधेपर्यंत."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. बार्जीचंही तसंच असायचं. ट्रिपशीटवर वेळ लिहायचा तो धक्क्याची दोरी सोडल्यापासून मुरगावला दोरी बांधेपर्यंत. मांडवीत चालायला लागणारा वेळ त्याच्या निम्मा. बाकीचा भरतीची वाट बघण्यात, बंदरात पुढच्या बार्जी खाली होईपर्यंत नांगर टाकून बसण्यात. नवीन साहेब आला की दरवेळी हाच प्रश्न विचारायचा, अंतर एवढं कमी, बार्ज रेंगाळते कुठे? "आणि मी त्याला मनात मूर्ख म्हणायचो," बाबा म्हणाले आणि बराच वेळ हसले.

शारजाच्या वाऱ्याचं वाचलं तर म्हणाले, "ओहोटी. ओहोटीबरोबर खाली जायला वेळ लागत नाही." त्यावर चर्चाच नाही.

तर परतीच्या विमानात वहीत चार रकाने आखले होते. हे जसंच्या तसं उतरवतो:

दोरी सुटली: ६:४४
जमीन सुटली: ७:११
जमीन लागली: ७:५६
दोरी बांधली: ८:०३

मुंबईत सत्तावीस मिनिटं जमिनीवर. खिडकीतून पुढची विमानं मोजली, आमच्या पुढे सहा. सातवे आम्ही. हवेत बरोब्बर पंचेचाळीस मिनिटं. ३८७ किलोमीटर धरून त्यांनी मोपाच्या पट्ट्याजवळ उभ्या-उभ्या भागाकार केला, ताशी ५१६. "हां, आता विमान वाटतं." मग बॅग आली ती ८:२१ ला, तेही लिहिलं. बॅग पट्ट्यावरून एकदा पुढे गेली आणि दुसऱ्या फेरीत उचलली, कारण हात वहीत होते.

मिठागर, तुमचंही गणित त्यांनी मांडलं. मुलुंडच्या दारातून ३:१५ ला निघालो, डिचोलीच्या दारात ९:३५. सहा तास वीस मिनिटं. तुमची रेल्वे साडेसात. फरक एक तास दहा मिनिटं, आणि तिकिटांतला फरक त्यांनी त्याखाली लिहून दोनदा अधोरेखित केलाय. पुढच्या वेळी कशाने जायचं ते मला विचारलेलं नाही, पण आज सकाळी थिवीला कोण सोडेल याची चौकशी चालू होती.

---

धावपट्टी२६ | शुक्रवार, रात्री १०:५२

दोरी सुटली, दोरी बांधली. अकरा वर्षं नव्या पोरांना ब्लॉक टाइम समजावतोय, हे कधी सुचलं नाही. उद्यापासून हेच सांगणार. बाबांना विचारा, चालेल ना?

---

कुळागर | शुक्रवार, रात्री ११:०५

विचारलं. म्हणाले चालेल, पण आधी त्यांना विचार, ते ठोकळे लाकडाचे असतात की रबराचे.

---

धावपट्टी२६ | शुक्रवार, रात्री ११:०८

रबराचे. लाकडाचेही बघितले आहेत.

---

कुळागर | शुक्रवार, रात्री ११:११

लिहून घेतलं.